नकारापासून रजेपर्यंत: मराठी पडद्यावरचा संसार

लग्न झालेल्या माणसाने आपल्याच संसाराची उलटतपासणी करावी, ही गोष्ट मराठी चित्रपटात ‘कुंकू’पासून (१९३७) ठळकपणे दिसते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो प्रभातसाठी केला. काकासाहेब या म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलेले लग्न शांता आपटे यांची नीरा मानतच नाही. पण ती घरही सोडत नाही. जाणार कुठे? जातीत काडीमोडाची रूढी नसेल, तर ब्रिटिश मुलखातल्या हिंदू स्त्रीला तेव्हा घटस्फोटाची वाटच नव्हती. त्यामुळे पेच सुटतो तो काकासाहेबांच्या आत्महत्येने. कथा सुटते, नीरा सुटली असे म्हणवत नाही.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला, १९७६च्या दुरुस्तीने तो परस्परसंमतीनेही मिळू लागला. कायद्याने दार उघडल्यावर प्रश्न बदलला, आणि तो नेमका पकडला जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने (१९८२). शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या पटकथेचे धाडस असे की, सुलभाचा नवरा जुलमी नाही. घर सुखवस्तू, सासू समाजकार्यात. तक्रारीला जागा नसलेल्या अशा घरातून स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी बाहेर पडते. परतते तेव्हा मुलगी दुरावलेली असते, नवरा दुसरीत गुंतलेला असतो, तरी तिने राहावे अशी त्याची इच्छा असते. ती पुन्हा निघते, तेही कुणाचा आधार नसताना. शिक्षण वाया जाऊ न देण्याची किंमत इतक्या कोरडेपणाने क्वचितच मांडली गेली.

महेश मांजरेकरांच्या ‘अस्तित्व’मध्ये (२०००) संसाराची चौकशी नवऱ्याने आरंभलेली असते, एका मृत्युपत्रामुळे. पण त्याची बायको अदिती हिशेब उलटा मांडते: नोकरीला नकार, फिरतीवरचा नवरा, रिकामे घर आणि त्याच्या स्वतःच्या भानगडी. तीही घर सोडते.

पुढच्या यशस्वी चित्रपटांचा सूर निराळा आहे. ‘बकेट लिस्ट’मध्ये (२०१८) मधुराला प्रत्यारोपित हृदयासोबत ते देणाऱ्या मुलीच्या इच्छाही मिळतात, स्वतःच्या इच्छा तिला अशा उसन्या वाटेने आठवतात. ‘झिम्मा’त (२०२१) परदेशची सहल, ‘बाईपण भारी देवा’त (२०२३) मंगळागौरीची स्पर्धा. या चित्रपटांनी चाळिशी-साठीतल्या बायकांना पडद्याच्या मध्यभागी आणले, थिएटरे भरवली, हे श्रेय मोठेच. पण इथे स्वप्न म्हणजे संसारातून घेतलेली रजा. रजा संपली की बहुतेकींचे घर जागच्या जागी असते.

पुरुषाच्या हुकलेल्या स्वप्नाला मात्र मराठी चित्रपट संसारापासून वेगळा कप्पा देतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) शरद नेरुलकर गायक होण्यासाठी वर्षे घालवतो, बायको-मूल येते ते गाणे सुटल्यावर, शेवटी. त्या बायकोने काय सोडले, हे चित्रपट विचारत नाही. ‘उंबरठा’ने चार दशकांपूर्वी टाकलेल्या पावलाच्या पुढे मराठी पडदा अजून गेलेला नाही.