सर्वांना द्यावे लागेल

घाटकोपर पूर्वेच्या त्या गृहनिर्माण संस्थेचे उत्तर आतापावेतो पूर्व उपनगरांतील बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेले आहे, तेव्हा त्यातील सगळा मजकूर येथे पुन्हा उतरवण्याचे प्रयोजन नाही. आठवड्यातून एकदा, दुपारच्या रिकाम्या वेळी, तळमजल्याचे सभागृह तासाभरासाठी मिळावे एवढीच पार्किन्सन्सने ग्रासलेल्या त्या वृद्धांची विनंती होती. ती नामंजूर करताना कार्यकारी मंडळाने जी कारणे नमूद केली त्यांतली विजेच्या खर्चाची आणि कोणी पडल्यास उद्भवणाऱ्या जबाबदारीची, ही दोन मी बाजूला ठेवतो. दोन पंखे आणि एक सतरंजी यांपलीकडे ती जात नाहीत. तिसरी सबब मात्र बाजूला ठेवण्याजोगी नाही, कारण ती आपल्या प्रत्येक इमारतीत, प्रत्येक कचेरीत, आणि खरे सांगायचे तर आपल्या मनातही ठाण मांडून बसलेली आहे. आज यांना दिले तर उद्या सर्वांना द्यावे लागेल, असे मंडळाचे म्हणणे आहे.

हे सर्व म्हणजे कोण, याचा विचार मंडळाने केला आहे काय? त्याच सभागृहात साखरपुडे होतात, डोहाळजेवणे होतात, साड्यांची प्रदर्शने भरतात, मुलांच्या शिकवण्या चालतात, आणि यांपैकी एकाही प्रसंगी, आज या साडीवाल्यास दिले तर उद्या मुंबईतले यच्चयावत साडीवाले दारात उभे राहतील, अशी धास्ती कोणत्याही चिटणीसाला पडल्याचे ऐकिवात नाही. पायंडा पडण्याचे भय नेमके तेव्हाच उत्पन्न होते जेव्हा मागणाऱ्याचा हात थरथरत असतो आणि त्या हातात भाड्याची रक्कम नसते. बरे, भय खरे ठरले असे समजून चालू. यांच्यामागून दमेकरी आले, त्यांच्यामागून गुडघे धरलेल्या बायका आल्या, अर्धांगवायूतून उठलेले आले, एकटे राहणारे विधुर आले, आणि आठवड्यातल्या प्रत्येक दुपारी त्या बंद खोलीचे कुलूप निघू लागले. यात अनर्थ कोणता? आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद असलेली जागा, जिच्या बांधकामासाठी आणि देखभालीसाठी याच माणसांनी वर्षानुवर्षे पैसे भरले, ती त्यांच्या उपयोगास आली, एवढेच ना? सभागृह कशासाठी असते याची अचूक व्याख्या मंडळाने लिहून काढली आणि ती हरकत म्हणून दप्तरी दाखल केली.

आणि या सबबीच्या मुळाशी एक धडधडीत असत्यही आहे. गरजवंतांची झुंबड दाराशी लोटली आहे आणि मंडळ ती निकराने थोपवून धरीत आहे, असे चित्र तीत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात या व्याधीची माणसे मागायला येतच नाहीत. त्यांचा आवाज खोल जातो, चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे होतात, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटते की हे गृहस्थ अलीकडे तुसडे झाले. लाळ सुटते, चहाचा पेला हिंदकळतो, म्हणून ते गृहस्थ लग्नकार्याला जाणे सोडतात, मग देवळात जाणे सोडतात, आणि शेवटी गॅलरीत येणेही सोडतात. तो अर्ज मी पाहिला आहे. पहिल्या ओळीतली अक्षरे वाचता येतात. पुढे ती बारीक होत जातात आणि सहीपाशी पोचेपर्यंत मुंगीएवढी उरतात. हे या आजाराचे लक्षण आहे, हे कोणताही मज्जाविकारतज्ज्ञ एका दृष्टिक्षेपात सांगेल. मंडळाने तो अर्ज सुवाच्य टंकलिखित स्वरूपात पुन्हा सादर करण्यास फर्मावले होते, आणि तसा तो आल्यावर नामंजूर केला.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली या कंपवाताचे जे पहिले व्यवस्थित वर्णन लिहिले, ते अवघ्या सहा माणसांवर आधारलेले होते, आणि त्यांतली काही तर त्याच्याकडे उपचारासाठी आलेलीही नव्हती. रस्त्याने जाता-येताना त्याने त्यांची चाल पाहिली, थांबून निरखली. आपल्या वस्तीतून चालणाऱ्या माणसांकडे लक्ष देणे, येथून या रोगाच्या ज्ञानाचा आरंभ झाला. मुंबईतही असे लक्ष दिले गेलेले आहे. पारशी वसाहतींतून घरोघर जाऊन सुमारे १४,००० लोकांची पाहणी डॉ. भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले, आणि दर लाखामागे सुमारे ३२८ इतके तेथील प्रमाण जगभरच्या अभ्यासकांनी उद्धृत केले. त्या वसाहतींत वृद्धांची संख्या मोठी होती, हे त्यामागचे एक उघड कारण. आणि आज मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींतही मुले परदेशी गेलेली, मागे वृद्ध जोडपी उरलेली, अशी घरे मजल्यागणिक वाढत आहेत.

मदत जवळच का हवी, हे ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना सहसा उमगत नाही. डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या मेंदूतील पेशी झडत जातात; १९६० नंतरच्या दशकात वापरात आलेले लेव्होडोपा ते द्रव्य काही काळ पुरवते, आणि आजार जुना झाला की हा काळ आखडत जातो. गोळीचा अंमल असतो तोवर माणूस उठतो, चालतो, बोलतो. अंमल उतरला की तोच माणूस दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यागत खिळून राहतो. दिवसातले असे मोजके मोकळे तास हीच त्याची सारी मिळकत. मरीन लाइन्सच्या मोठ्या रुग्णालयात बोरिवलीहून जायचे तर पूल, गर्दी, लोकल आणि पुन्हा पूल यांतच एक अंमल खर्ची पडतो. तपासणीसाठी सहा महिन्यांतून एकदा हे सोसता येते. व्यायामासाठी, चार शब्द मोठ्याने बोलण्याच्या सरावासाठी, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशेजारी बसण्यासाठी दर आठवड्याला नाही. डॉक्टर शहरात असला तरी चालेल, सोबत मात्र रिक्षाच्या किमान भाड्यात पोचता येईल एवढ्या अंतरावर हवी.

हे ओळखूनच २००१ साली डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली आणि तिने आधारगट रुग्णालयाबाहेर, वस्त्यांमध्ये नेले. तेथे शुल्क घेत नाहीत. खुर्चीवर बसून करायचे व्यायाम, आवाजाचे व्यायाम, गाणे, आणि घरच्या माणसांच्या शंका यांना तेथे वेळ असतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने हेच कार्य मराठीतून, घरगुती आस्थेने, वर्षानुवर्षे चालवले आहे. तेथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. हृषीकेश पवार यांच्या नृत्यवर्गात त्यांतले कित्येक नाचलेही. या सर्व संस्थांना लागणारी पहिली वस्तू एकच, ती म्हणजे तळमजल्यावरची एक सपाट खोली. ती त्यांना आपणच द्यायची असते, कारण किल्ल्या आपल्याकडे आहेत.

खोलीवरून फरशीचा विषय निघतो, आणि तो मी टाळणार नाही. माझ्या वाचकांना माझा हा हेका परिचित आहे. पुनर्विकासाच्या प्रत्येक इमारतीत प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत आरशासारख्या चकाकणाऱ्या लाद्या बसवण्याचा जो सोस बिल्डरांना आणि त्यांच्याहून अधिक सभासदांना जडला आहे, तो वृद्धांच्या खुब्याच्या हाडांवर उठला आहे. पूर्वीच्या चाळींतली शहाबादी फरशी खडबडीत होती, पण तिच्यावर पाय ठरत असे. जिन्याला कठडा एकाच बाजूस असतो, आणि ज्याची उजवी बाजू आधी निकामी होते त्याने उतरताना काय धरावे, हे वास्तुविशारदास विचारण्याचे कोणास सुचत नाही. खर्चाचे म्हणाल तर जमिनीवर हातभर अंतराने चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांना खर्च तो किती? पण खिळलेले पाऊल त्या पट्टीला ओलांडण्याच्या निमित्ताने सुटते, हे शुभंकरांना अनुभवाने ठाऊक आहे. पहारेकऱ्याला एवढेच शिकवावे की आजोबा लिफ्टच्या दारात थांबले तर त्यांना पुढून ओढू नये, मागून घाई करू नये. शेजारी उभे राहून संथपणे एक-दोन, एक-दोन म्हणावे.

आणि शुभंकर म्हणजे बहुधा पत्नी, स्वतः सत्तरीची. रात्री कूस बदलून देणारी, गोळीच्या वेळेसाठी गजर लावून झोपणारी, वरणा-उसळीतली प्रथिने काही जणांत औषधाच्या आड येतात हे डॉक्टरांकडून समजून घेऊन जेवणाच्या वेळा पुन्हा बसवणारी ही बाई सभागृहातल्या त्या तासाची खरी मागणीदार होती. तिला तेथे दुसरी अशीच बाई भेटली असती.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या एकवीस प्रकारांना मान्यता दिली त्यांत पार्किन्सन्सचा स्पष्ट उल्लेख आहे. दाखल्यासाठी अर्ज करावा, सरकारी रुग्णालयात तपासणी होते, अपंगत्वाची टक्केवारी ठरते. खेपा पडतात, पण ज्याला जमेल त्याने तो जरूर काढून ठेवावा. शेजाऱ्याने रांगेत त्यांच्यासाठी उभे राहावे, हे अधिनियमात कोठे लिहिलेले नाही. तरी उभे राहण्यास मनाई नाही.

मंडळाने ठराव बदलावा असे मला मनापासून वाटते, आणि तो बदलेल अशी आशा मला फारशी नाही. सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय संपेपर्यंत लोक उठून जातात. दरम्यान शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षिकेने आपली तळमजल्यावरची बैठकीची खोली गुरुवारी दुपारी मोकळी करून दिली आहे, आणि गट तेथे बसू लागला आहे. या मंडळींना बिनहाताच्या खुर्चीतून उठता येत नाही, दोन्ही बाजूंना रेटा द्यायला हात असलेली, टणक आणि जरा उंच बैठकीची खुर्चीच लागते. तशा त्यांच्याजवळ चार आहेत आणि येणारे अधिक आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी अशी खुर्ची वापराविना पडून असेल त्यांनी ती येत्या गुरुवारच्या आत पोचवावी.