लहान मुलांचे उत्तरदायित्व : भय आणि फळ

बेंबळी (ता. धाराशिव) येथील एका वासनिक आजीबाईंनी गतवर्षी आम्हांस एक प्रश्न केला. प्रश्न घरगुती होता. परंतु त्याचे उत्तर शोधताना शास्त्राकडे वळावे लागले, म्हणून तो येथे मांडीत आहोत.

आजींचा नातू तिसरीत शिकतो. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. नातू व त्याची धाकटी बहीण आजीजवळ. शाळेत (तिचे नाव येथे नको) पिण्याच्या पाण्याचा माठ मुलांनी पाळीपाळीने भरावयाचा, असा नियम होता. नातवाच्या पाळीला माठ फुटला. कोणी पाहिले नव्हते. तरी तो आपण होऊन गुरुजींकडे गेला व माठ आपल्या हातून फुटल्याचे त्याने सांगितले. गुरुजींनी त्यास वर्गासमोर अंगठे धरून उभे केले. हे कळताच आजींचा जीव कळवळला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा माठ विकत घेऊन शेजाऱ्याकरवी शाळेत पोचता केला आणि नातवास म्हणाल्या, "झालं ते झालं, आता तू मनात आणू नको." महिनाभरात त्याच मुलाने शेजाऱ्याची सायकल पाडून मोडली आणि साफ नाकबूल केले. आजी आम्हांस म्हणाल्या, "बाबा, खरं बोलणारं लेकरू खोटं का बोलू लागलं?"

दोष गुरुजींचा, असे उत्तर सहज सुचते, आणि ते खोटे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. परंतु कायद्याच्याही पूर्वी आपल्यापुढे लीळाचरित्रातील सशाची लीळा आहे. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आश्रयास येतो. पारधी त्यास मागतात. स्वामी शरण आलेल्या जीवास त्यांच्या हाती देत नाहीत. आपली चूक सांगावयास आलेले मूल हे शरण आलेलेच असते. न सांगता ते राहू शकले असते. त्याच्या येण्याचे उत्तर अंगठे धरण्याने मिळाले, तर ते पुन्हा का म्हणून येईल? शिक्षा माठ फोडण्याबद्दल होती असे गुरुजींना वाटले असेल. मुलाला मात्र ती खरे बोलण्याबद्दल मिळाली.

येथवर आजींना आमचे म्हणणे पटले. पुढचे पटावयास वेळ लागला. कारण आमच्या मते त्यांनी गुपचूप पाठविलेला माठ हीदेखील तितकीच मोठी चूक होती.

जीव आपल्या क्रियेचे फळ आपणच भोगतो. एकाची क्रिया दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही, हे आपण निरूपणात वारंवार ऐकतो. घरी मात्र लेकराच्या क्रियेचे फळ आपण मायेने उचलून आपल्या पदरात घेतो आणि यालाच वात्सल्य म्हणतो. गुरुजींनी मुलास भय दिले, आजींनी त्याचे फळ काढून घेतले. हातून मोडलेली वस्तू आपणच भरून द्यावयाची, ही गोष्ट तो कोणाकडूनच शिकला नाही. पंथात अनुतापास आणि प्रायश्चित्तास जे स्थान आहे, ते याच कारणाने. प्रायश्चित्त ही मारझोड नव्हे आणि सुटकाही नव्हे. चुकलेल्याने स्वतः करावयाचे ते काम आहे.

'जबाबदारी' या शब्दातच 'जबाब' आहे. आम्ही मात्र सांगितलेले निमूट ऐकणाऱ्या मुलास जबाबदार म्हणतो. दुसऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा वर्गनायकही जबाबदार ठरतो. वस्तुतः तो इतरांच्या क्रियेची नोंद ठेवतो, स्वतःच्या नव्हे. जबाब कसा द्यावा याचा आदर्श म्हाइंभटांनी घालून दिला आहे. लीळा गोळा करताना ज्याने जे पाहिले, त्यालाच गाठून त्यांनी विचारले आणि ते नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. पुढील काळात पाठभेद उत्पन्न झाले तेव्हा कोणता पाठ कोणाचा, हेही नावानिशी नोंदले गेले. मूल चूक सांगावयास आले असता आवाज न चढविता "काय झाले, पहिल्यापासून सांग" एवढे विचारणे याच जातीचे आहे. या विचारण्यात पारधीपण नसावे.

मात्र योग्यतेचा विचार सुटता कामा नये. ऊसतोडीच्या हंगामात या जिल्ह्यातील अनेक घरांत सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन शाळेत येते. तिला जबाबदारीवर प्रवचन देणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. तिच्यावर भार आहे, आणि तो मोठ्यांनी टाकलेला आहे. कडेवरचे मूल पडले, तर त्याचा जबाब तिने का द्यावा? माठाची पाळी घेण्याची योग्यता आठ वर्षांच्या मुलास असते, संसार वाहण्याची नसते. ही मर्यादा न राखता मुलांस जबाबदारी शिकविणारे आपलाच भार त्यांच्या खांद्यावर उतरवीत असतात.

केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात सूत्रापुढे दृष्टांत येतो, तो उगाच नव्हे. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे घडी करून ठेवीत. बोलत काही नसत. मुले लाजून आपली कामे आपण करू लागली, असे सांगतात. एखादा आळशी मुलगा यात सुखावलाही असेल. परंतु बहुतेकांस तो दृष्टांत पुरला.

आजींनी पुढे काय करावे, हा प्रश्न राहिला. सायकलवाल्या शेजाऱ्याकडे त्यांनी नातवास घेऊन जावे, स्वतः मात्र उंबऱ्याबाहेर थांबावे, असे आम्ही सुचविले. आजी म्हणाल्या, "आणि शेजाऱ्यानं मारलं तर?" त्यावर आम्ही म्हणालो की, मग आपण आत जावे, ससा देऊ नये, पण दुरुस्तीचे पैसेही देऊ नयेत. त्या तशा गेल्या. शेजाऱ्याने मारले नाही. चार रविवार सायकली पुसण्याचे ठरले. दुसऱ्या रविवारी धाकटी बहीणही फडके घेऊन गेली, तेव्हा नातवानेच तिला परत पाठविले, असे आजींनी पुढील भेटीत सांगितले.