वर्ण आणि गुण : अश्वनिवडीतील एक अनुमान

पैदाशीसाठी घोडा निवडताना त्याच्या रंगाला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न व्यवहाराचा वाटत असला, तरी भारतीय परंपरेत तो मुळात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे कशावरून काय जाणता येते याचा आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्राने रंग, भोवरे आणि पांढरे पट्टे यांना ‘लक्षणे’ मानले, आणि लक्षण म्हणजे केवळ ओळखीची खूण असे न समजता त्यात धन्याच्या भाग्याची सूचना पाहिली. चारही पाय आणि मुख पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ ठरला. मारवाडी घोड्यांच्या परंपरेत काळा रंग मृत्यूशी जोडला जाऊन अशुभ ठरला. या शास्त्राने घोड्यांतही ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र असे विभाग कल्पिले. रंगाला आणि समाजातील स्थानाला ‘वर्ण’ हा एकच शब्द असलेल्या भाषेत अशी कल्पना सहज रुजते, आणि म्हणूनच ती तपासणे अगत्याचे आहे.

ही तपासणी करण्याचे साधन परंपरेतच आहे. न्यायदर्शनानुसार एखाद्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान करायचे, तर त्या दोहोंत व्याप्ती, म्हणजे कधीही न मोडणारे साहचर्य असावे लागते. धूर दिसला की अग्नी असतोच, तसे. पांढरा घोडा दुबळा आणि काळा घोडा दमदार निघाल्याचे एक उदाहरण सापडले, तरी रंग हा हेतू (अनुमानाचा आधार असलेली खूण) सव्यभिचारी, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टीची साथ सोडणारा ठरतो. त्याहून सूक्ष्म दोष उपाधीचा आहे. उपाधी म्हणजे ज्या अटीमुळे साहचर्य भासते, पण जी अनुमानात मांडलेली नसते. राजाने पांढरे घोडे पसंत केले, त्यांना उत्तम चारा, शिक्षण आणि निवडक घोड्या दिल्या, म्हणजे पुढे ते उत्तम दिसणारच. तेथे गुणाचे कारण जोपासना असते आणि श्रेय रंगाला मिळते. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या बहिणींची पैज उच्चैःश्रवा या दिव्य घोड्याच्या शेपटीच्या रंगावरच लागते, आणि कद्रूचे सर्पपुत्र त्या शेपटीला काळ्या केसांसारखे चिकटल्यामुळे विनता दासी होते. रंगावरून झालेला निर्णय किती सहज फसवला जातो, हे त्या कथेत फार स्पष्ट दिसते.

पांढरेपणाविषयीची आधुनिक माहिती या विचाराला अनपेक्षित खोली देते. गुलाबी कातडीचा, जन्मतः पांढरा नुकरा वेगळा. परंतु पांढरे दिसणारे पुष्कळ घोडे जन्मतः काळे, कुमैत किंवा तांबूस असतात आणि वयानुसार पांढरे होतात. या बदलामागे एका जनुकातील भागाची झालेली पुनरावृत्ती आहे, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे वंदनीय मानलेला पांढरा घोडा कधीकाळी त्याज्य मानलेल्या काळ्या रंगाचेच शिंगरू असू शकतो; घोडा तोच राहतो, लक्षण मात्र उलटते. जे वयाबरोबर पालटते त्याला स्वभाव म्हणता येत नाही. शिवाय वयानुसार पांढऱ्या होणाऱ्या पंधरा वर्षांवरील घोड्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना त्वचेतील रंगपेशींच्या गाठी होतात. त्या बहुधा सौम्य असल्या, तरी काही शरीरभर पसरतात.

तरीही रंग निव्वळ वरवरचा आहे, असे म्हणणे घाईचे होईल. अमेरिकेतील पेंट जातीत ‘फ्रेम’ नावाच्या पांढऱ्या चट्ट्यांच्या नमुन्याचे जनुक दोन्ही पालकांत असेल, तर दर चार शिंगरांमागे एक पांढरे जन्मण्याची शक्यता असते, आणि त्याच्या आतड्यांत मज्जापेशी नसल्यामुळे ते काही दिवसांतच दगावते. रंगपेशी आणि आतड्यांच्या मज्जापेशी गर्भात एकाच मूळ पेशीसमूहातून येतात, म्हणून येथे रंगाशी खरे साहचर्य आहे. पण ते धन्याच्या भाग्याशी नसून शिंगराच्या वेदनेशी आहे. रंगाचा विचार पैदाशीत अधर्म्य नाही, मात्र तो कोणाच्या हितासाठी होतो हे आधी ठरले पाहिजे.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेसारख्या बाजारात आजही पंचकल्याणीला चाहते असतात. त्याची किंमत अधिक द्यायला हरकत नाही. परंतु मजबूत खुरांची, शांत स्वभावाची आणि शिंगराला प्रेमाने सांभाळणारी घोडी केवळ काळी म्हणून पैदाशीतून वगळली, तर तिचा वंश तेथेच थांबतो, आणि तिचे खूर व तिचा शांतपणा पुढच्या कोणत्याही शिंगराकडे पोहोचत नाही.