कानांचाही हिशोब

वाचकहो, दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना तीन गोष्टींपासून एकापाठोपाठ रोखले आहे: अवाजवी संशय, परक्याच्या झाकलेल्या गोष्टींचा शोध आणि पाठीमागची निंदा. या मधल्या गोष्टीला ‘तजस्सुस’ म्हणतात. ती मध्यभागी आहे हे अर्थपूर्ण आहे. संशय माणसाला शोधायला लावतो आणि जे सापडते ते जिभेवर आल्यावाचून राहत नाही. पूर्वी या शोधासाठी दाराला कान लावावा लागे. आता दाराजवळ जाण्याचीही गरज उरलेली नाही.

अमेरिकेत ‘स्कॅनर’ नावाच्या रेडिओचा छंद बराच जुना आहे. आपल्याकडील कितीतरी घरांतील मुले आज तिकडे स्थायिक आहेत आणि तिथल्या छंदांविषयीचे प्रश्न फोनवरून इकडच्या मशिदीपर्यंत येतात. म्हणून हा विषय घेतला. हे यंत्र एकामागून एक लहरी झपाट्याने तपासते आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबते. तिथल्या पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांचा बराच संवाद १५० ते १७४ आणि ४५० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालत आला आहे. कानावर पडणारा आवाज नेमका कोणाचा, हे ओळखण्यात छंदिष्टांना खरा आनंद वाटतो. शिडीच्या गाडीचा उल्लेख आला तर अग्निशमन दल, दहाच्या आकड्याने सुरू होणारे सांकेतिक शब्द आले तर बहुधा पोलीस. कोणती लहर कोणाच्या नावे आहे याची सरकारी नोंदही तिथे सर्वांना पाहता येते. इथवर ही विद्याच आहे. ध्वनीवरून अनुमान काढणे, नोंदी ताडून पाहणे, निष्कर्ष तपासणे हे बुद्धीचे काम आहे आणि बुद्धी वापरण्यास धर्माने कधी मनाई केलेली नाही.

अडचण पुढे सुरू होते. ओळख पटल्यावर छंदिष्ट तिथेच थांबून राहतो. आता त्याच्या कानावर एक पत्ता येतो, कोणाचे तरी वय येते, छातीत दुखते आहे की घरात मारहाण झाली आहे की कोणी विष घेतले आहे, तेही येते. त्याला विचारले तर तो म्हणतो, ‘बोलणाऱ्यांना ठाऊक आहे की लोक ऐकतात. कायद्याची हरकत नाही. शिवाय संदेश सांकेतिक केलेला नाही, तो उघडा आहे.’

यातील पहिला मुद्दा वरवर सबळ वाटतो. ज्यांना आपले बोलणे ऐकले जाणे नको आहे, त्यांच्याकडे कान देणाऱ्यासाठी सहीह बुखारीतील हदीसमध्ये वितळलेल्या शिशाच्या शिक्षेचा इशारा आहे. मग बोलणाऱ्याची हरकत नसेल तर? पण वाचकहो, इथे बोलणारा कर्मचारी आहे आणि गुपित त्याचे नाही. ज्याचे आहे तो त्या क्षणी जमिनीवर पडलेला आहे. त्याने मदत मागितली, श्रोते मागितले नाहीत. इकडेतिकडे पाहत सांगितलेली गोष्ट ही अमानत असते, असे आदरणीय प्रेषितांनी (स.) शिकवले. बेशुद्ध माणसाला मान वळवून पाहताही येत नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने असा उघडा संवाद ऐकण्याची मुभा ठेवली आहे. ब्रिटनमध्ये मात्र २००६ च्या कायद्यानुसार आपल्यासाठी नसलेला संदेश काय आहे, कोणी पाठवला व कोणाला पाठवला हे यंत्राद्वारे हेतुपुरस्सर जाणून घेणे हाच अपराध आहे. भारतात तर वायरलेस यंत्र बाळगण्यासाठीच १९३३ च्या कायद्याने परवाना आवश्यक केला. ज्या देशात राहतो त्याचा कायदा पाळणे हा करार आहे आणि करार पाळणे अनिवार्य आहे. तेव्हा ब्रिटनमधील किंवा इथल्या तरुणासाठी प्रश्न तिथेच मिटतो. अमेरिकेतल्यासाठी मिटत नाही. शासनाने दंड केला नाही म्हणून अल्लाहच्या दरबारातील विचारणा टळत नाही. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांविषयी विचारले जाणार आहे, असे सूरह बनी इस्राईल सांगते.

तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मदीनेत चौदाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. एका माणसाने प्रेषितांच्या (स.) दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिले. त्या वेळी प्रेषितांच्या (स.) हातात केस विंचरण्याचे साधन होते. तू पाहतो आहेस हे कळले असते तर हेच तुझ्या डोळ्यात खुपसले असते, अशा आशयाचे कठोर शब्द त्यांनी उच्चारले आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे, हे स्पष्ट केले. फट तिथे होतीच, त्या माणसाने ती पाडली नव्हती. तरीही फट असणे म्हणजे परवानगी, असे कोणी मानले नाही. सांकेतिक न केलेली लहर ही तशीच फट आहे.

याचा अर्थ अचानक कानावर पडलेले सारे पाप ठरते असा नाही. हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी वाटेत बासरीचा आवाज येताच कानांत बोटे घातली, पण सोबतच्या नाफिअ यांना तसे करण्यास सांगितले नाही, उलट ‘अजून ऐकू येते का?’ असे विचारत राहिले. यावरून अनेक विद्वानांनी ऐकू येणे आणि कान देणे यांत भेद केला. स्कॅनर लहर शोधताना क्षणभर थांबला, ओळख पटली आणि छंदिष्ट पुढे गेला, तर ते ऐकू येणे आहे. खुर्ची ओढून बसला, तर ते कान देणे आहे.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. सत्ताधाऱ्यांवर समाजाची नजर असावी की नाही? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपला संवाद सांकेतिक करायला घेतला, तेव्हा पत्रकारांनी हरकत घेतली. माझ्या मते ती रास्त होती. तजस्सुसची मनाई दुर्बलाचे झाकण राखण्यासाठी आहे, बलवानाचा अन्याय लपवण्यासाठी नाही. पण त्याच शहराचा दुसराही इतिहास आहे. आर्थर फेलिग ऊर्फ ‘वीजी’ या छायाचित्रकाराने १९३८ मध्ये मोटारीत पोलिसांचा रेडिओ ठेवण्याची परवानगी मिळवली आणि खून, अपघात, आगी यांच्या जागी धावत जाऊन काढलेल्या चित्रांनी तो विख्यात झाला. परवानगी पोलिसांनी दिली होती. रस्त्यावर पडलेल्या मृतांना कोणी विचारले नव्हते.

आता समजा, ओघात ऐकू आलेला पत्ता शेजारच्याच घराचा निघाला. ती बातमी नातेवाइकांच्या गटात टाकणे हे आयतीतील तिसरे पाऊल. पण शेजाऱ्याचा हक्कही मोठा आहे. ऐकले म्हणून हातावर हात धरून बसणेही योग्य नाही. दारावर जावे, सलाम करावा, ‘काही हवे का?’ एवढेच विचारावे. काय ऐकले ते बोलू नये. तीनदा परवानगी मागूनही उत्तर आले नाही तर परत फिरावे, आणि आतून ‘नंतर या’ म्हटले गेले तरी मनात काही न ठेवता परत फिरावे.