बुवांच्या बारा चाली

सुदुंबऱ्याचे एक बुवा चाकणच्या एमआयडीसीत प्रेसवर कामाला होते. रात्रपाळी करून आले तरी एकादशीचं भजन त्यांनी कधी चुकवलं नाही. तुकोबांच्या अभंगांना त्यांनी लावलेल्या बारा चाली पंचक्रोशीत गाजल्या, तेव्हा इंटरनेटवर गाणी विकणारा एक व्यापारी दारात आला. म्हणाला, "रेकॉर्डिंग मी करतो, पण गाणं कुलूप घालूनच विकायचं. घेणाऱ्याच्या एकाच कॉम्प्युटरवर वाजेल, दुसऱ्याला देता येणार नाही."

बुवांना पटलं. पटण्यासारखंच होतं. फुटपाथवर शेकडो गाण्यांची एमपीथ्री सीडी कवडीमोलाने मिळायची आणि त्यातला रुपयाही गाणाऱ्याच्या हाती पडत नसे. कलाकाराची ही भीती खरी आहे, तिला कुणी हसू नये.

पहिलं गिऱ्हाईक त्यांचाच पखवाजी. पोरगा भोसरीत अप्रेंटिस होता. स्टायपेंडमधून त्याने बाराही अभंग विकत घेतले आणि ते ऐकत एकेक ठेका बसवला. पुढे कॉम्प्युटर बिघडला. गाणी त्याने जपून सीडीवर ठेवली होती, पण नव्या कॉम्प्युटरवर ती उघडेनात, परवाना मागू लागली. परवाना देणारं दुकान व्यापाऱ्याने कधीच गुंडाळलं होतं.

मोठ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांवरही ही पाळी आलेली आहे. याहूने 30 सप्टेंबर 2008 ला आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं, तेव्हा रीतसर पैसे मोजलेल्या लोकांना ती गाणी नव्या कॉम्प्युटरवर नेता येईनात. पुढच्याच जानेवारीत ॲपलने आपल्या गाण्यांवरची कुलपं काढत असल्याचं जाहीर केलं.

पखवाजी चाकणला दुरुस्तीवाल्याकडे गेला. "तोडून देतो, पण माझं नाव घेऊ नकोस," तो म्हणाला. पोरगा घाबरला. 2012 साली कॉपीराइट कायद्यात 65ए कलम आलं होतं. हक्क डावलण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. ज्या कामाला कायद्याची मनाई नाही त्यासाठी तोडलं तर गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे, पण ते अप्रेंटिस पोराला सांगणार कोण? आणि विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला किल्ली दिलीच पाहिजे, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. खरा अन्याय मला इथे दिसतो.

शेवटी तो बुवांकडे आला. "बुवा, तुमच्याकडची प्रत द्या." बुवांनी आपली प्रत लावून पाहिली, तीही उघडेना. मूळ रेकॉर्डिंग व्यापाऱ्याकडे आणि व्यापारी फोन उचलत नव्हता. तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या भाच्याने मोबाइल चालू केला. बुवांचाच आवाज!

"कुठून आणलंस रे?"

"पिंपरीहून, मामा. मेमरी कार्डात भरून देतात."

गाणं वाजत असताना कुणीतरी ते तारेने उतरवून घेतलं होतं. बुवा पखवाज्याला म्हणाले, "ज्यानं चोरलं त्याच्याकडे वाजतंय. तू पैसे दिलेस, तुझ्याकडे नाही. आणि मी गायलो, माझ्याकडेही नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं गावातल्या संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीला गेले. संताजी चाकणचे तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले एक. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, पण अभंग लोकांच्या मुखी आणि संताजींनी उतरवून ठेवलेल्या पानांवर उरले, असं परंपरा सांगते.

"संताजींना कुणी उतरवू दिलं नसतं, तर मी आज काय गायलो असतो?" बुवांनी विचारलं. "आणि त्याच अभंगांना मी कुलूप घालू दिलं."

करार त्या एका रेकॉर्डिंगपुरताच होता. अभंग तुकोबांचे, चाली बुवांच्या. मंडळाने साप्ताहिक सुट्टी गाठून सगळं नव्याने गायलं आणि पेनड्राइव्हवर भरलं. किंमत पन्नास रुपये, त्यात पखवाज्याचा आणि टाळकऱ्यांचाही वाटा. बुवांची अट एकच: "उतरवून कुणालाही द्या, पण कुठल्या गावाला दिलं ते मला कळवा."

मंडळाच्या खजिनदाराला हे पसंत नव्हतं. एकाने घ्यायचं आणि दहांनी ऐकायचं, मग मंडळाला मिळणार काय? बुवांनी त्याच्याच हाती वही दिली आणि गावं लिहून ठेवायला सांगितलं. काही जण फुकट घेऊन गेले, ते गेलेच. काहींनी ऐकल्यावर पैसे पाठवले, काहींनी सप्त्याला बोलावून बिदागी दिली. वहीत निघोजे आलं, म्हाळुंगे आलं, तळवडे आलं.

नाणेकरवाडीच्या मंडळाने दोन अभंगांची चाल बदलून म्हटल्याचं कळलं, तेव्हा पहिली पाळी सुटल्यावर बुवा पखवाज्याला गाडीवर मागे बसवून तडक तिकडे ऐकायला गेले.