फाटकावरचे पैसे, रांगेतले पैसे

खोपोलीजवळ साजगावात कार्तिकी एकादशीला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या बोंबलांच्या वासातून वाट काढत पुढे गेलं की पाळणे लागतात, आणि खेळाचे पैसे किती तऱ्हांनी घेता येतात ते त्या एका पट्ट्यात दिसतं. आकाशपाळण्याला दर फेरीचं तिकीट. मौत का कुआँ पाहायचा तर शिडी चढण्याआधी एकदाच पैसे. रिंगवाला रिंगांचे पैसे आधी घेतो. साबणाची वडी मिळेल की घड्याळ, ते तुमचा नेम आणि तुमचं नशीब. जत्रेत डोंबारी आला तर तो आधी खेळ दाखवतो, मग थाळी फिरवतो. अमेरिकेत २०१० साली ‘हंबल इंडी बंडल’ने ‘वाटेल ते द्या’ म्हणून व्हिडिओ गेम विकले, त्याचं केवढं कौतुक झालं! डोंबाऱ्याला कुणी विचारलं नाही.

याच खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला, २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी इमॅजिका हे थीम पार्क उभं केलं. इथे फाटकावर एकच तिकीट, आत पाळणे हवे तितके. डिस्नेलँडमध्ये मात्र १९८२ पर्यंत कुपनांची पुस्तकं चालत. भारी खेळाला ‘ई’ कुपन फाडून द्यावं लागे. वॉल्टर ओई या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये त्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचा प्रश्न साधा होता: मालकाने प्रवेशाला जास्त घ्यावं की प्रत्येक खेळाला? आज मोबाइलवर गेम बनवणारा प्रत्येक जण हाच हिशेब मांडत बसलेला असतो.

पण फाटकावर पैसे देऊन आत गेलं म्हणजे देणं संपत नाही. दिवाळीच्या सुट्टीत इमॅजिकातल्या नायट्रो या रोलरकोस्टरच्या रांगेत उभं राहून पाहा. पैशांच्या जागी आता वेळ मोजायचा. म्हणून तर तिथे एक्सप्रेस तिकीट मिळतं: जादा पैसे भरा आणि रांग टाळा. उन्हात पोराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बापाच्या शेजारून एक्सप्रेसवाले निघून जातात, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. तरीही मी या तिकिटावर फार रागावणार नाही. नायट्रोच्या एका ओळीत चारच माणसं बसतात आणि गाडी स्टेशनात यायला वेळ लागतो. रांग खरी आहे.

‘कँडी क्रश’मधली रांग खरी नाही. पाच जीव संपले की नवा जीव मिळायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. या अर्ध्या तासात कुठलीही गाडी फेरी मारून येत नसते, तुमच्या पुढे कुणी उभंही नसतं. बनवणाऱ्याने आधी रांग लावली आणि मग ती टाळण्याचं तिकीट छापलं. फुकट गेमविरुद्ध माझी तक्रार एवढीच आहे. पैसे मागण्याला माझी हरकत नाही. पण कंटाळा हाच विकायचा माल ठरला की खेळ मुद्दाम जरा कंटाळवाणा ठेवावा लागतो. पाळणेवाल्याला तसं करून परवडणार नाही, कारण गिऱ्हाईक शेजारच्या पाळण्यावर जाईल.

बनवणाऱ्यांचीही बाजू आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. गेम २०२० मध्ये आला, तोही रीतसर किंमत लावून, कन्सोल आणि संगणकवाल्यांसाठी. नवी मुंबईच्या गेमेटियनचा ‘लुडो किंग’ मात्र जाहिरातींच्या जोरावर फुकट मिळाला आणि लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. आपल्याकडे एका गेमला हजार रुपये मोजणारे किती? कर्जत लोकलमध्ये फोनवर वाकलेल्या पोरांनी एवढे पैसे एकदम कधी दिले नसतील. पण गेममधल्या बंदुकीच्या रंगासाठी थोडी थोडी यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घेऊन तेवढे कधी गेले, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि फाटकावर पैसे घेतले म्हणजे धंदा तरतोच असंही नाही: इमॅजिका कर्जात रुतलं, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे गेम बंद केले. त्याच कायद्यात वर्गणी किंवा एकदाच घेतलेलं प्रवेशमूल्य चालेल, फक्त ती पैज नको, असंही म्हटलं आहे. म्हणजे फाटकावरच्या पैशांना सरकारने नाव घेऊन मान्यता दिली, हे मला पटतं. मुद्दाम लावलेल्या रांगेची दखल मात्र त्यात नाही. रिंगवाल्याच्या जातीचा जो प्रकार आहे, बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय ते नंतर पाहायचं, त्याला बेल्जियमने २०१८ मध्येच जुगार ठरवलं. दक्षिण कोरियाने २०२४ पासून निदान पेटीत काय निघण्याची शक्यता किती, ते छापणं सक्तीचं केलं आहे.

आपल्याकडे सुरुवात याहून सोपी करता येईल. गेमच्या दुकानात डायमंड, यूसी अशा चलनांच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, रुपयांतला भाव लिहायचा. आणि या महिन्यात या फोनवरून किती गेले, तो आकडा खेळ सुरू होतानाच दाखवायचा. पाळणेवाला दराची पाटी शिडीच्या खालीच लावतो.