डेकोरेशन आणि ऑर्नामेंट : अदंभित्वाचं चिंतन



आज आपल्या वाचनात गीतेच्या तेराव्या अध्यायातला सातवा श्लोक आला आहे (काही प्रतींत तो आठवा असतो). ज्ञान म्हणजे काय, हे सांगताना भगवंत ज्ञानी माणसाची लक्षणं एकेक करून मोजतात. पहिलं अमानित्व, म्हणजे मान मिळावा अशी ओढ नसणं. दुसरं अदंभित्व, म्हणजे देखावा नसणं. गंमत बघा, पाठांतर, शास्त्र, बुद्धी यांच्यापैकी काही पहिल्या दोनांत नाही. ज्ञानाची सुरुवात देखावा उतरवण्यापासून होते.

ज्ञानेश्वर माऊली हे अदंभित्व फार घरगुती दाखल्यांनी समजावतात. असा माणूस देहाला वरवर सजवून लोकांना रिझवत नाही. आपला धर्म बोलण्याच्या झेंड्याला बांधून मिरवत नाही. शेतकरी पेरलेलं बी जसं मातीखाली झाकतो, तसं तो केलेलं दानपुण्य झाकून ठेवतो. ज्याने पावसाळ्याच्या तोंडावर भाताची पेरणी पाहिली आहे, त्याला हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको. बी उघडं राहिलं की पाखरांचं झालं.

पण इथे माझ्यासारख्याला एक प्रश्न पडतो. मी जूचंद्रचा. आमच्या गावाची ओळखच रांगोळीची. दिवाळीत लोक लांबून रांगोळ्या बघायला येतात. चेहऱ्यावरची सुरकुती आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा रंगांच्या चिमटीतून उतरवणारे कलाकार या मातीत आहेत. वर डोंगरावर चंडिका माता, नवरात्रात तिचा साजशृंगार डोळे भरून बघावा असा. मग सजणं, सजवणं हा सगळा दंभच म्हणायचा का?

उत्तर शोधताना मला दोन इंग्रजी शब्दांची मदत झाली. दोन्ही आपण रोज मराठीतच वापरतो. गणपतीचं 'डेकोरेशन' झालं का, असं विचारतो. सराफाच्या पाटीवर 'ऑर्नामेंट्स' लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ सजावट असं शाळेत शिकवतात. पण दोन्ही शब्दांच्या मुळाशी गेलं, तर वाटा वेगळ्या होतात.

'डेकोरेशन' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ शोभा, मान, प्रतिष्ठा. 'डीसेंट' हा शब्दही त्याच घराण्यातला, म्हणजे चारचौघांत बरं दिसेल असं. म्हणून इंग्रजीत डेकोरेशनचा आणखी एक अर्थ आहे : पदक. सैनिकाच्या छातीवर लावतात तो सन्मान. हा सन्मान दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो, आणि ज्याने दिला तो काढूनही घेऊ शकतो.

'ऑर्नामेंट' मात्र ज्या क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ सज्ज करणं. रोमन लोक जहाजं समुद्रात जाण्यासाठी तयार करायचे, तेव्हाही हेच क्रियापद वापरायचे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली 'ऑर्नामेंट' याच नावाचा एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की जुन्या काळी अलंकार ही वरून चिकटवलेली चैन नव्हती, वस्तू आपल्या कामाला पूर्ण होण्यासाठी जे लागतं ते म्हणजे अलंकार. आपला संस्कृत शब्द तेच सांगतो. 'अलम्' म्हणजे पुरेसं, समर्थ. जे समर्थ करतं ते अलंकार.

आणि मराठी तर या दोघींनाही घरात नांदवते. घोड्याचा साज असतो, त्याशिवाय स्वार बसत नाही. गळ्यातला कोल्हापुरी साज असतो. हा झाला ऑर्नामेंट. आणि "हे वागणं तुला साजत नाही" असं आई म्हणते, ते साजणं डेकोरेशनच्या कुळातलं, लोकांत शोभण्याचं.

माऊलींनी ग्रंथाच्या आरंभी गणेशाचं जे रूप उभं केलं आहे, ते या दृष्टीने परत वाचा. वेद ही त्याची मूर्ती, पुराणं हे त्याच्या अंगावरचे रत्नजडित दागिने. ते दागिने काढून बाजूला ठेवता येत नाहीत, कारण ते त्याच्या अर्थाचेच भाग आहेत. हा अलंकार कुणाला दाखवायला घातलेला नाही.

म्हणजे भगवंत ज्याला दंभ म्हणतात, तो सजण्यात नाही. जगाच्या नजरेतून आपल्याला किंमत यावी म्हणून सजणं, हा दंभ. तुमचं सामर्थ्य, तुमचं प्रेम ज्यातून पूर्ण होतं, तो अलंकार. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो ते उतरवल्यावर.

आता हे चिंतन मी पुस्तकापुरतं ठेवू शकत नाही, कारण आमच्या घरात हा प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहिला होता.

बाबा गेले. वर्षभर आम्ही सण केला नाही. पुढच्या दिवाळीला नात्यातल्या एक बाई चांगल्या मनानेच म्हणाल्या, "आता दारातली रांगोळी सुनेने काढावी." आई काही बोलली नाही. चाळीस वर्षं जिने रोज सकाळी सडा घालून रांगोळी काढली, तिच्या हातातला डबा एका वाक्यात काढून घेतला गेला. कुंकू आणि बांगड्या तर आधीच गेल्या होत्या. त्या वेळी कुणी तिला विचारलंही नव्हतं.

मी स्वतःशी विचार करत राहिलो. आपण बाईच्या कपाळाला, हातांना, गळ्याला जे देतो, ते डेकोरेशन की ऑर्नामेंट? बोलताना आपण सौभाग्यालंकार म्हणतो. वागताना मात्र पदकासारखं वागतो. नवरा आहे तोवर छातीवर लावायचं, तो गेला की समाजाने येऊन काढून घ्यायचं. अलंकार असता, तर तो तिचा असता. तिच्या हातातली रांगोळी तर कुणी तिला बहाल केलेलीच नव्हती. ती तिची तिने कमावलेली विद्या.

आमच्या कामात एक गोष्ट आहे. पायथॉन भाषेत फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहून त्याला 'डेकोरेटर' लावता येतो. त्याने फंक्शनला वरून काही जास्तीचं मिळतं. पण ती ओळ खोडली तरी आतलं फंक्शन जसंच्या तसं असतं, त्याचं काम करायला समर्थ. कोड वाचणारा कुणीही "डेकोरेटर गेला, आता फंक्शनही बाद" असं म्हणत नाही. माणसांच्या बाबतीत आपण ते सहज म्हणतो.

आणि देवाच्या बाबतीत? कोल्हापूरच्या अंबाबाईची नवरात्रात रोज वेगळ्या रूपात अलंकार पूजा बांधतात. पण नवी पूजा बांधायची तर आधीचा साज उतरवावाच लागतो. त्या घटकेला देवी कमी होते का? अपशकुनी होते का? तेव्हाही ती आपल्यासाठी देवीच असते. दगडाच्या मूर्तीला जी सवलत देतो, ती घरातल्या आईला का देऊ नये?

हे मी एकटा म्हणतोय असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, उंबरठ्यावर तो रोज करावा लागतो, हे खरं. पण एका गावाने तो केला.

आमच्याकडे ठराव माझ्या बायकोने केला. तिने रांगोळीचा डबा आईसमोर ठेवला आणि म्हणाली, "आई, मला ठिपके सरळ येत नाहीत. तुम्हीच काढा." आई थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लक्ष्मी काय माझं कपाळ बघून आत येते?" आणि खाली बसली. सात ठिपक्यांची साधी रांगोळी, शेजारी लक्ष्मीची पावलं. हात किंचित थरथरत होता, पण एक ठिपका इकडचा तिकडे झाला नाही. कुंकवाचं आईने अजून काही ठरवलेलं नाही. ते तिचं ती ठरवेल, आम्ही विचारतही नाही. लावायची सक्तीही पुन्हा डेकोरेशनच.

रांगोळीची एक गोष्ट मला त्या दिवशी नव्याने कळली. ती पदक होऊच शकत नाही. छातीवर लावता येत नाही, कपाटात जपता येत नाही. उद्या झाडू फिरणार हे माहीत असूनच काढायची असते. आमच्या गावातले कलाकार रात्र रात्र पाठ मोडून जे चित्र जमिनीवर उभं करतात, तेही शेवटी झाडलं जातं. मागे उरते ती हातातली विद्या. बी मातीखाली जातं आणि शेतकरी समर्थ राहतो, तसंच हे.

आजचा संकल्प : आपल्या अंगावरची, आपल्या बोलण्यातली, आपल्या भक्तीतली एक गोष्ट मनातल्या मनात उतरवून बघू. ती उतरल्यावर मी कमी झालो असं वाटलं, तर ते डेकोरेशन होतं. आणि दुसरं, जास्त अवघड : या वर्षीच्या हळदीकुंकवाला, देवीच्या ओटीला, दारातल्या रांगोळीला, जिला आजवर कोपऱ्यात बसवलं तिला आधी बोलावू. नुसतं बोलावून भागायचं नाही, डबा तिच्या हातात द्यायचा.

हे आई चंडिके, आमचा देखावा उतरव आणि आम्हाला तुझ्या कामाला पुरेसं कर.

राम कृष्ण हरी.